चाकांचा गाडीवरचा समतोल

मोटारीचे चाक न काढता, आहे त्या जागी फिरवून त्याचा समतोल साधण्याची पद्धत. 14 इंची रिमच्या कडेला 30 ग्रॅमचा फरक असला, तरी ताशी 100 किमी वेगाला चाकावर सुमारे 5 किलोचा ओढा फिरत राहतो आणि स्टिअरिंग थरथरते. धुळे–पारोळा–एरंडोल–जळगाव या सुरत–नागपूर महामार्गाच्या टप्प्यात गाडी वेग घेते तेव्हा हा दोष लगेच जाणवतो.

चाक जॅकवर उचलून विजेच्या मोटारीवरील रोलरने फिरवतात. कंपनाबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्यात टायरवरची खडूची खूण स्थिर दिसते; तिच्यावरून जड बाजू ओळखून समोर वजन लावतात. हब, ड्रम व डिस्क यांचाही असमतोल यात निघतो. सुट्या चाकाच्या यंत्राला ते जमत नाही, म्हणून हट्टी थरथरीवर हाच खरा उपाय. मात्र पुढे चाक काढल्यास हबवर त्याच जागी बसवावे लागते.

इंजिनाने फिरणाऱ्या चाकांपैकी एकच उचलून ते इंजिनानेच फिरवल्यास स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरते. हा धोका कारागिराने कधीही विसरू नये. तापीकाठच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, रिमच्या आत चिकटलेला चिखल आधी खरवडून काढावा.