मराठा तलवार

मराठा तलवार : सतराव्या व अठराव्या शतकांत महाराष्ट्रात प्रचारात असलेला, पोलादी पात्याचा व लोखंडी मुठीचा शस्त्रप्रकार. सरळ व लांब पात्याची धोप वा फिरंग, रुंद दुधारी खांडा आणि पट्टा हे तिचे प्रमुख प्रकार होत. वक्र पात्याच्या तलवारीही वापरात होत्या. पाती पुष्कळदा परदेशी असत, मूठ मात्र येथील कारागिरांची. म्हणून तलवारीचे मराठापण पात्यापेक्षा मुठीवरूनच अधिक नेमकेपणाने ठरविता येते.

‘फिरंग’ या नावातच पात्याचे मूळ सांगितलेले आहे. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर यूरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून दख्खनमध्ये येऊ लागली. जर्मन बनावटीच्या तलवारींना ‘आलेमानी’ म्हणत. दख्खनमध्ये चांगल्या पोलादाची वाण होती, असे मात्र नाही. तेलंगणातील कोनसमुद्रम् परिसरात मुशीत तयार होणारे पोलाद इराणपर्यंत जात असे. परंतु घोडेस्वाराला दूरवर पोहोचणारे, खुपसता येईल असे सु. ९० सेंमी. लांबीचे सरळ पाते हवे असे. मुशीचे पोलाद धारेला उत्तम, तथापि कठीण व काहीसे ठिसूळ. यूरोपीय पाते वाकले तरी पुन्हा सरळ होई. गुणांची ही निवड व्यवहारी होती.

या पात्यांना खांड्याची देशी मूठ बसविली जाई. पात्याचा मागील निमुळता भाग मुठीच्या पोकळीत घालून तापविलेल्या राळेने वा लाखेने घट्ट करीत आणि मुठीपासून निघणाऱ्या दोन पट्ट्या रिव्हेट मारून पात्याला आधार देत. बोटांच्या रक्षणासाठी रुंद परज असे व तिच्या आतील बाजूस मऊ अस्तर लावीत. मुठीच्या शेवटी वाटोळी चकती व तीतून निघालेला दांडा असे. दोन्ही हातांनी वार करताना डाव्या हाताची पकड या दांड्यावर येई. पट्ट्यात हीच कल्पना पुढे गेली : मूठ म्हणजे कोपरापर्यंतचे पोलादी आवरणच. त्यात मनगट जखडले जात असल्याने वार खांद्यातून करावा लागतो व त्यासाठी तालमीतील दीर्घ सराव लागतो. मेघालयातील गारो लोकांची ‘मिलाम’ ही तलवार या दृष्टीने अगदी उलट आहे. तिचे पाते व मूठ एकाच लोखंडातून घडविलेली असतात.

पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे शहाजी भोसले यांच्या जहागिरीत होते. आजचे बारामती व इंदापूर तालुके ज्या भीमा-नीरेच्या खोऱ्यात येतात, तो प्रदेश भीमथडी तट्टांसाठी प्रसिद्ध होता. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई, बारगिरास ती सरकारातून मिळत. गावचा बलुतेदार लोहार नांगराचे फाळ व विळे करी. तलवारीला धार व झिलई देणे हे शिकलगाराचे काम.

नागपूरकर रघूजी भोसले (पहिले) यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावात मिळविली व ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते यूरोपीय आहे. त्यावर सोन्याने देवनागरीत रघूजींचे नाव, ‘सेनासाहिबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. पात्याचे परकेपण लपविण्याचे कारण मालकाला वाटले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी यांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजास दिलेली, ‘जगदंबा’ नावाने ओळखली जाणारी तलवार ब्रिटिश राजसंग्रहात आहे. तीच भवानी तलवार होय, अशी समजूत प्रचलित आहे. परंतु साताऱ्याच्या राजघराण्यातही भवानी म्हणून एक तलवार पूजिली जाते. दोहोंची पाती यूरोपीयच आहेत. केवळ पात्यावरून या वादाचा निवाडा होणे कठीण.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने हत्यारे बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. जुन्या घराण्यांतून तलवारी खंडेनवमीच्या पूजेपुरत्या उरल्या. बारामतीलगतच्या पुरंदर तालुक्यात, जेजुरी येथे, पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने अर्पण केलेला सु. ४२ किग्रॅ. वजनाचा खांडा दसऱ्याच्या उत्सवात अद्याप उचलला जातो. काही जण तो दातांनी तोलून धरतात.