उदारमतवाद आणि शरीयत : वाद नेमका कशाचा?

भाट्ये असो की राजिवडा, तलाकचा मामला आपल्याकडे बहुधा आधी जमातीत जातो, मग कोर्टात. दोन्हीकडचा न्याय वेगळा निघाला तर ऐकायचं कोणाचं? वाद इथूनच सुरू होतो.

दोन बाजू : उदारमतवाद म्हणतो, हक्क व्यक्तीचा, कायदा माणसांनी केलेला, म्हणून बदलता येतो. उलेमांचं म्हणणं, शरीयत अल्लाहची. ती बदलायचा हक्क विधिमंडळाला नाही. राज्यघटनेत कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं, तर कलम ४४ समान नागरी कायद्याचं उद्दिष्ट सांगतं.

घटनाक्रम : आपल्याच जिल्ह्यातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दुसरीकडे, शरीयतच्या रक्षणासाठी १९७३ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. १९८५ च्या शाहबानो निकालाने पोटगी मान्य केली; विरोधानंतर १९८६ चा वेगळा कायदा आला.

२०१७ चा निकाल : सुप्रीम कोर्टाने एकाच वेळचा तीन तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला. बहुमतातल्या न्या. कुरियन जोसेफ यांचा आधार होता, ही पद्धत कुरआनच्याच विरुद्ध आहे. म्हणजे धर्म एकीकडे आणि स्त्रीचा हक्क दुसरीकडे, अशी सरळ वाटणी नाही.

२०१९ च्या कायद्याने अशा तलाकला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. नवरा तुरुंगात गेला तर घरखर्च कोण देणार, हा सवाल आम्हाला रास्त वाटतो. पण आधी जमातीने बाईचं म्हणणं ऐकावं.