एग बेटाचा वारसा आणि जमिनीची मालकी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत इनर हेब्रिडीज द्वीपसमूहात एग हे सुमारे ३१ चौरस किलोमीटरचे बेट आहे. ज्वालामुखीतून घडलेला ३९३ मीटर उंचीचा ‘स्गूर’ हा कडा ही त्याची ठळक खूण. वारसा म्हटला की प्राचीन अवशेष, भाषा व लोकसंगीत यांचाच प्रामुख्याने विचार होतो. परंतु हा वारसा जपणाऱ्या समाजाला राहत्या जमिनीची शाश्वती नसेल तर काय घडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विस्थापनाचा इतिहास :

इ. स. ६१७ च्या सुमारास संत डोनन व त्यांचे सहकारी साधू या बेटावर मारले गेले. किलडोनन हे स्थलनाम आजही त्यांची स्मृती जपते. मध्ययुगात बेट क्लॅनरनाल्ड या मॅकडोनाल्ड शाखेकडे आले. कुळप्रमुख आणि रयत यांचे नाते केवळ खंडापुरते नव्हते. त्यात आप्तभाव आणि युद्धप्रसंगीची निष्ठाही होती. नेपोलियनकालीन युद्धे संपल्यावर सागरी शैवाल जाळून मिळणाऱ्या राखेचा व्यापार कोसळला आणि हेब्रिडीजमधील अनेक जमीनदार कर्जबाजारी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एगही विकले गेले. १८५३ मध्ये मेंढ्यांच्या कुरणासाठी ग्रूलिन येथील १४ कुटुंबांना घरे सोडावी लागली. तेथील पडक्या भिंती याची साक्ष देतात.

१८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने लहान शेतकऱ्यांना कसवणुकीचे संरक्षण व वारसाहक्क मिळाले. तथापि क्लीडेलमधील अशा शेतजमिनी वगळता उर्वरित बेट खासगी इस्टेट म्हणूनच हस्तांतरित होत राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीसही अनेक रहिवाशांकडे दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे नव्हते. घर दुरुस्त करावे, तर ते आपल्याकडे राहील याची खात्री नाही, अशी त्यांची स्थिती होती.

सामूहिक मालकी :

जून १९९७ मध्ये रहिवासी, हायलँड परिषद आणि स्कॉटिश वन्यजीव न्यास यांच्या सहभागातून स्थापन झालेल्या एग वारसा न्यासाने सुमारे १५ लाख पौंडांना बेट विकत घेतले. मोठा निधी देणग्यांतून उभा राहिला. तेव्हा लोकवस्ती सुमारे ६५ होती. पुढे तिने शंभरी ओलांडली. २००८ मध्ये जल, पवन व सौर ऊर्जेवर आधारित स्वतंत्र वीजजाळे सुरू झाले. वीज सर्वांना पुरावी म्हणून प्रत्येक घराचा एकावेळचा वापर ५ किलोवॅटपर्यंत मर्यादित ठेवण्यात आला.

समारोप :

मालकी बदलल्याने सर्व हानी भरून निघाली, असे नाही. ग्रूलिनची वस्ती परतली नाही. गेलिक भाषेची पीछेहाटही आपोआप थांबली नाही. मात्र, बेटावर राहायचे की नाही, हा निर्णय प्रथमच रहिवाशांच्या हाती आला. मराठीत ‘वारसा’ या शब्दाला परंपरा आणि मिळकतीवरील हक्क असे दोन्ही अर्थ आहेत. दुसरा अर्थ नाकारला गेला की पहिलाही फार काळ तग धरत नाही, हेच एगच्या इतिहासावरून स्पष्ट होते.