गुन्ह्याची घटका आणि शिक्षेची घटका

१/७
गुन्हा करताना शहाणा असलेला माणूस फाशीची वाट पाहता पाहता मनोरुग्ण झाला, तर त्याला फासावर चढवावे काय? या प्रश्नाची स्पष्ट कसोटी महाराष्ट्रातील एका खटल्यातून मिळाली. तीही २०१९ साली.

२/७
आरंभ लंडनमधला. जानेवारी १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरवले. लोकक्षोभ उसळला आणि न्यायाधीशांना वेडाचे निकष आखून द्यावे लागले.

३/७
त्याच विचाराची छाप १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८४ वर आहे. मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा असल्याचे, कळूच शकत नाही, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

४/७
महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने पत्नीची हत्या केली. त्याच्या पित्यालाही मानसिक आजार होता, त्याच्यावर स्वतःवर स्किझोफ्रेनियाचे उपचार झालेले होते, आणि हत्येनंतर त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नव्हता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला.

५/७
मात्र हे कलम केवळ गुन्ह्याची घटका पाहते. १९९९ मध्ये महाराष्ट्रात दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांची हत्या झाली. आरोपीची फाशी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. पुढे कैदेत असताना त्याचा गंभीर मानसिक आजार न्यायालयापुढे आला.

६/७
१२ एप्रिल २०१९ रोजी न्या. रमणा यांच्या पीठाने, आरोपीचे नाव गुप्त राखून, निर्णय दिला: आपल्याला ही शिक्षा का होते आहे हेच ज्याला उमगत नाही, त्याला फाशी देणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. मात्र आजार गंभीर असला पाहिजे आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर राहील. दोषसिद्धी अबाधित राहिली. फाशीऐवजी मरेपर्यंत कारावास आणि योग्य उपचार, असा आदेश झाला. त्या दोन मुलींना मिळालेला न्याय पुसला गेला नाही.

७/७
पण आजार सिद्ध करायचा, तर तो आधी कुणाच्या तरी ध्यानात यावा लागतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणे बंधनकारक आहे. येरवडा असो वा तळोजा, बराकीतल्या अबोल कैद्याचे मौन हा पश्चात्ताप आहे की आजार, हे वेळेवर ओळखणारा डॉक्टर तिथे नसेल, तर २०१९ ची कसोटी कागदावरच राहील.