नंबर लागेल का? खानदेशातील प्रवेशाच्या अंदाजाचा इतिहास

जळगाव-धुळ्याकडे बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो: नंबर लागेल का? सरकारी वैद्यकीय किंवा नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा मोजक्या आणि मागणारे हजारो, त्यामुळे प्रवेशाआधी त्याचा अंदाज बांधणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसले. या अंदाजाचा एक आधार गुणांचा. दुसरा आधार विद्यापीठाच्या हद्दीचा, आणि खानदेशापुरता तो गुणांइतकाच वजनदार ठरला. हद्द सरकली की त्याच गुणांची किंमत बदलत असे.

ब्रिटिश काळात चाळणी लागत असे ती मॅट्रिकलाच. मुंबई विद्यापीठाची ही परीक्षा पार केलेल्याला कला महाविद्यालयाचे दार सहसा बंद नसे. अडचण असे ती मुंबई-पुण्यात राहण्याच्या खर्चाची. खानदेशात महाविद्यालय नव्हते. 1945 मध्ये जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये निघाली आणि विज्ञानाचे उच्च शिक्षण घराजवळ आले. पुढे डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचे तर मात्र इंटर सायन्सचे गुण घेऊन पुणे-मुंबई गाठावीच लागे. 1948 च्या कायद्याने पुणे विद्यापीठ झाले आणि खानदेश त्याच्या कक्षेत गेला. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर पुण्याकडे पाच जिल्हे उरले: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव.

नव्या आकृतिबंधातील बारावीची पहिली परीक्षा 1977 मध्ये झाली आणि अंदाजाचे माप बदलले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित या तीन विषयांची बेरीज, म्हणजे पीसीबी आणि पीसीएम, हे शब्द याच काळात पालकांच्या तोंडी बसले. वैद्यकीय प्रवेश तेव्हा विद्यापीठाच्या क्षेत्रानुसार होत. ज्या क्षेत्रातील महाविद्यालयातून बारावी झाली, त्याच क्षेत्रातील वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळे. खानदेशच्या विद्यार्थ्याला त्यामुळे पुण्याच्या बी. जे. मेडिकलकडे डोळे लावावे लागत, आणि तेथे त्याची स्पर्धा पुणे शहरातील मुलांशी होई. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ही पूर्ण क्षेत्रबंदी घटनाबाह्य ठरवली. खुल्या जागांपैकी 70 टक्क्यांपर्यंत जागा क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी राखता येतील आणि उरलेल्या राज्यभरासाठी मोकळ्या राहतील, असे न्यायालयाने सांगितले. पुढे राज्यात गाजलेल्या 70:30 सूत्राचे मूळ या निकालात आहे.

15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. खानदेशाला स्वतःचे विद्यापीठ हवेच होते आणि त्याचा लाभ मोठा झाला. पण त्याने प्रवेशाचे गणितही बदलले, विशेषतः अभियांत्रिकीचे. 1983 नंतर बांभोरी, फैजपूर आणि धुळे येथे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आली होती, 1996 मध्ये जळगावला सरकारी महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांत खानदेशचा विद्यार्थी ‘होम युनिव्हर्सिटी’चा ठरला, म्हणजे 70 टक्के जागांचा हक्कदार. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मात्र तो बाहेरचा झाला आणि उरलेल्या 30 टक्क्यांत इतर विद्यापीठांच्या क्षेत्रांतील मुलांबरोबर मोजला जाऊ लागला. चाळीसगाव आणि नांदगाव हे शेजारचे तालुके. नांदगाव नाशिक जिल्ह्यातले, म्हणून तेथे बारावी झालेल्याचे होम युनिव्हर्सिटी पुणे. चाळीसगावला बारावी झालेल्याचे जळगाव. दोघांचे गुण सारखे असले तरी पुण्यातील त्याच शाखेसाठी दोघांचे कटऑफ वेगळे. अकरावीला मुलाला कोणत्या शहरात ठेवायचे हा शिकवणीचा प्रश्न असे, तसाच हा हद्दीचाही प्रश्न झाला.

वैद्यकीयच्या बाजूला 1980 च्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला सरकारी महाविद्यालय मिळाले, आज ते भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाते. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले. 70:30 सूत्रासाठी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग धरले जात. खानदेश उर्वरित महाराष्ट्रात गेला. राज्यातील सर्वाधिक जागा याच विभागात होत्या, पण मुंबई-पुण्याची तगडी स्पर्धाही याच विभागात होती.

त्याच सुमारास बोर्डाच्या गुणांची जागा सीईटीने घेतली, आधी वैद्यकीयसाठी, मग अभियांत्रिकीसाठी. 2017 पासून वैद्यकीय प्रवेश केवळ नीटवर होऊ लागले. या बदलांनी अंदाज बांधणे सोपे झाले नाही, उलट फसण्याच्या जागा वाढल्या. 2019 पासून एमएचटी-सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, परीक्षार्थींमधील स्थान होय. तीन लाख परीक्षार्थींत 99 पर्सेंटाइलच्या पुढे सुमारे तीन हजार जण असतात. परीक्षार्थी चार लाख झाले की तोच आकडा चार हजारांचा होतो. जागा तेवढ्याच राहिल्या तर मागच्या वर्षी 99 ला मिळालेली शाखा यंदा 99 ला मिळेलच असे नाही. नीटमध्ये हा फरक आणखी ठळक दिसला. 2024 च्या सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 ची प्रश्नपत्रिका इतकी अवघड निघाली की देशात पहिल्या आलेल्याचे गुण 686 होते. ज्या घरांनी 2024 चे गुण समोर ठेवून 2025 चा अंदाज बांधला, त्यांना उगाच धसका बसला असणार. दोन वर्षांची तुलना करायची तर ती क्रमांकाची करावी लागते.

प्रवर्गाचा हिशेबही यात येतो. प्रत्येक प्रवर्गाची यादी वेगळ्या क्रमांकावर थांबते. खानदेशात, विशेषतः साक्री, शिरपूर आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, अनुसूचित जमातीच्या जागांवर अनेक मुलांची सारी आशा असते. तेथे गुण पुरेसे असूनही वेळेत जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर मिळालेली जागा जाऊ शकते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होणार असते, त्या घराला ही गोष्ट निकालानंतर कळावी, हा मोठा अन्याय आहे.

सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वैद्यकीय प्रवेशातील 70:30 सूत्र रद्द केले. जळगावला 2018 मध्ये आणि नंदुरबारला 2020 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यामुळे खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी जागा आहेत. राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के जागा मात्र साऱ्या महाराष्ट्राच्या एकाच गुणवत्ता यादीतून भरतात. म्हणून वैद्यकीयच्या अर्जदाराने मागील वर्षाची यादी वाचताना राज्य गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि फेरी ही तिन्ही जुळवून पाहावीत, आणि वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करून ठेवावा.