चौदाव्या लुईची तबकडी

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या ‘क्रायटेरियन कलेक्शन’ने इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीच्या ‘द टेकिंग ऑफ पॉवर बाय लुई फोर्टीन्थ’ची डीव्हीडी बाजारात आणली. जुना अभिजात चित्रपट घरी बघताना रसिकाला थोडी हळहळ वाटतेच. थिएटरसाठी बेतलेले चित्र लहान चौकटीत बसवलेले असते. इथे ती हळहळ नको, कारण या चित्रपटाचे कूळच छोट्या पडद्याचे.

या कुळाचा एक धागा मुंबईतून जातो. ‘रोम, ओपन सिटी’मुळे (१९४५) नववास्तववादाचा अग्रणी ठरलेला रोसेलिनी डिसेंबर १९५६ मध्ये भारतात आला. मुंबईत त्याचा मुक्काम ताजमहाल हॉटेलात होता. या दौऱ्यातून ‘इंडिया’ हा चित्रपट निघाला, तशाच इटली आणि फ्रान्सच्या टीव्हीसाठी दोन मालिकाही. टीव्हीशी त्याची सोयरीक जुळली ती इथल्या चित्रीकरणावर. पुढे साठच्या दशकात सिनेमा संपला असे तो उघडपणे म्हणू लागला आणि सामान्य माणसाला घरबसल्या इतिहास शिकवायचा, या ध्यासाने टीव्हीकडे वळला.

फ्रान्सच्या ओआरटीएफ या सरकारी प्रसारणसंस्थेने लुईचे काम दिले ते या वळणावर. पटकथा इतिहासकार फिलिप एर्लांजे आणि जाँ ग्रुओ यांची. पैसा बेताचा, चित्रीकरण महिन्याच्या आत उरकलेले. राजा झाला जाँ-मारी पात, हौशी रंगभूमीवरचा नोकरदार माणूस. त्याला संवाद पाठ होईनात, म्हणून ते फळ्यावर लिहून कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवले. समोरच्या माणसाकडे न बघता दूर कुठेतरी नजर लावून बोलणारा हा ठेंगणा, अवघडलेला राजा पडद्यावर मात्र अस्सल वाटतो. दरबारात कुणाच्याही नजरेला नजर न देणे त्याला शोभून दिसते.

लढाया नाहीत, भाषणबाजी नाही. काळ १६६१ चा. राज्याचा कारभार चालवणारा कार्डिनल माझारँ मरणपंथाला लागला आहे आणि वैद्य त्याच्या घामाचा, मूत्राचा वास घेऊन निदान करतात. तो गेल्यावर राजा कारभार हाती घेतो आणि बलाढ्य अर्थमंत्री फुके याला नांतमध्ये अटक करवतो. मग येते शिंप्याचे दृश्य. रिबिनी आणि लेस किती लावायची हे राजा स्वतः ठरवतो. सरदारांनी पोशाखापायी कर्जबाजारी व्हावे, म्हणजे बंड करायला त्यांच्याकडे पैसाच उरणार नाही, हा त्याचा हिशेब. भोजनाच्या प्रसंगात स्वयंपाकघरातून एकामागून एक थाळ्या येतात. राजा एकटा जेवतो आणि दरबार उभ्याने बघत राहतो.

सप्टेंबर १९६६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि ८ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये टीव्हीवर आला. थिएटरांतही तो नंतर पोचला, पण ते पाहुणेपणच. २००९ च्या त्याच महिन्यात ‘क्रायटेरियन’च्या ‘एक्लिप्स’ मालिकेत मेदिची घराणे, पास्कल आणि देकार्त यांच्यावरचे रोसेलिनीचे टीव्हीपट एका संचात आले. भावंडांची गाठ पडली.

लुईच्या डीव्हीडीत चित्रपटासोबत चित्रपट-अभ्यासक टॅग गॅलघर यांचा दृक्‌श्राव्य निबंध आहे, रोसेलिनीच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती आहेत. चित्रपटापाठोपाठ टिपणे वाचावीत, एखाद्या पदरावरची लेस बघायला चित्र थांबवावे, शिंप्याकडे पुन्हा मागे जावे, असा अभ्यासू प्रेक्षक रोसेलिनीला हवा होता. १९६६ च्या टीव्हीवर प्रसंग एकदा गेला की गेला. रिमोट हाती आल्यावर त्याचा वर्ग खऱ्या अर्थाने भरला.