यंत्रापुढची रांग

गिरणीच्या दारात बदलीवाले उभे असत, तेव्हा आज कोणाला काम मिळावे हे जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ साली मुंबईत बदली नियंत्रणाची पद्धत आली, ती या मर्जीला आळा घालण्यासाठी. संगणकापुढच्या रांगेलाही असाच इतिहास आहे. तेथे मात्र माणसांची कामे रांगेत उभी असतात.

१९५६ साली अमेरिकेत जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक व्यवस्था उभारली. एकाचे काम उतरवून दुसऱ्याचे चढवीपर्यंत हे महागडे यंत्र रिकामे बसे. म्हणून कामांचा गठ्ठा करून ती एकामागून एक आपोआप चालवावयाची. यंत्राचा वेळ वाचला, पण माणूस उत्तराची वाट पाहत बसला. १९६१ साली एमआयटीत कोर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी वेळेची वाटणी करून दाखविली. तरीही मोठी गणिते रांगेतच राहिली.

१९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील काँडोर या योजनेचे वर्णन प्रसिद्ध झाले. टेबलावरचे यंत्र मोकळे दिसले, की तेथे दुसऱ्याचे काम चालू होई. यंत्राचा धनी परतला, की ते उठून दुसरीकडे जाई. तेथे नियमही असा होता, की ज्याने पुष्कळ यंत्रे वापरली त्याचा क्रम खाली जावा आणि वाट पाहणाऱ्याचा वर यावा.

पुढे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेली स्लर्म ही व्यवस्था आज जगभर चालते. हवे तेव्हा काम धाडावे, किती यंत्रे व किती वेळ लागेल ते सांगावे. जागा होताच ते आपोआप सुरू होते. मोठ्या कामासाठी यंत्रे गोळा होईतो जी फट राहते, तीत लहान काम बसविता येते, मात्र मोठ्याची वेळ ढळू न देता.

येथे जॉबर नाही हे खरे. पण कोणत्या खात्याचा हिस्सा किती, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसेच लिहून देतात. २००६ पासून अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या यंत्रे भाड्याने देऊ लागल्या. तेथे पैसेवाल्याला सहसा रांगच लागत नाही. म्हणून सार्वजनिक पैशाने उभारलेल्या यंत्रांपुढील रांगेचा नियम, त्या रांगेत थांबणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्यालाही वाचता आला पाहिजे आणि त्याविषयी विचारताही आले पाहिजे.